भाजलेल्या रव्याचा रंग

"दिसतंय मला," असं जिजी म्हणाल्या की समजायचं, त्यांना दिसलेलं नाही.

पाण्याचा तांब्या समोर ठेवला की त्यांचा हात त्याच्या वीतभर उजवीकडे फिरायचा. मी "जिजी, इकडं" म्हणायच्या आत त्या ठसक्यात म्हणायच्या, "दिसतंय मला." दारात कुणी आलं की आधी चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखायच्या, मग मान वर करून अगदी त्याच्या डोळ्यांत बघितल्यासारखं करायच्या. "या, या. साडी छान आहे हो. हिरवा रंग तुम्हाला शोभतो." साडी जांभळी असायची. आलेली बाई एकदा साडीकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मी ओट्याकडे तोंड फिरवायची. मला हसू यायचं नाही, भीती वाटायची. ही बाई आता घरी जाऊन कुणाला सांगेल, आणि ते फिरत फिरत पुण्याला पोचेल, अशी.

पुण्याला जिजींचा एकुलता एक मुलगा. त्या त्याला "आमचे चिरंजीव" म्हणायच्या, मी दादा म्हणायची. जिजींना काचबिंदू होता आणि इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. हे दादांना ठाऊक होतं. उरलेलं किती, ते ठाऊक नव्हतं. त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी त्यांचा फोन आला. जिजी फोन नेहमी मोठ्यानं लावायच्या, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"आई, मी दिवाळीला येतोय. राहीन, बघेन. तुला घरात नीट वावरता येत असेल तर माझं काही म्हणणं नाही. नाही तर माझ्याबरोबर चल. घर विकून टाकू. तू तिथं पडलीस तर मी इथून काय करू?"

आवाजात राग नव्हता. घाबरलेला माणूस बोलतो तसं ते बोलत होते.

"ये की," जिजी म्हणाल्या. "बघ ये." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुण्याचं घर आता या वयात पाठ करू का मी? इथलं मला पाठ आहे."

घर विकलं तर मागची खोली जाणार, आणि मागच्या खोलीत आम्ही होतो.

त्या खोलीत आम्ही कसे आलो, ते सांगायला हवं. माझं माहेर, सासर दोन्ही हिंगोलीकडे. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात कंत्राटी काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो आणि कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहिलो. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, की लहानगी पोर दिवसभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागायची. एकदा तिला धारला दवाखान्यात आणलं होतं. परतताना बाजारात मी भाजीवालीला "शेपू द्या, शेपू" म्हणत होते आणि ती बिचारी मला मेथी, पालक, चवळी अशी एकेक जुडी उचलून दाखवत होती. मला रडायला आलं होतं. शेपूसाठी नव्हे, सगळ्यासाठीच. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सुवा म्हण बाई, सुवा. आणि तू कुठली गं?"

पांढरी स्वच्छ साडी, हातात काठी नाही, पिशवी मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मी हिंगोली म्हटल्यावर त्यांना असा आनंद झाला, जसं काही त्या परवाच तिकडून आल्या होत्या. त्यांच्या माणसांना महाराष्ट्र सोडून कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. संस्थानच्या दफ्तरात होती म्हणे ती सगळी. जिजींचं मराठी ऐकलं की मला आमच्या शाळेतलं जुनं पुस्तक आठवायचं. कपाटाला फडताळ, मधल्या खोलीला माजघर. आणि त्याच तोंडानं रिक्षावाल्याला, "भिया, जरा धीरे. माझ्या पोटातलं पाणी हलतंय." रिक्षावाल्यालाही ते बरोबर कळायचं.

त्या दिवशी त्यांनी माझ्या पोरीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मागची खोली रिकामी आहे. भाडं तुझ्या नवऱ्याला झेपेल ते. मला सकाळी जरा हाताशी राहा." एवढ्यावर आमचं बिऱ्हाड धारला आलं. नवरा कंपनीच्या गाडीनं जाऊ-येऊ लागला. पोर रात्रीची झोपू लागली. हे उपकार मी कशानं फेडणार होते?

हाताशी राहणं म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. जिजींना वाचून दाखवायचं. माझी शाळा सातवीत सुटलेली, त्यानंतर किराण्याच्या पुडीवरचं सोडून काही वाचलेलं नाही. त्यांच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा ढीग होता. मी अडखळले की त्या पुढचा शब्द सांगायच्या नाहीत, नुसत्या गप्प बसायच्या. मला घाम फुटायचा. मग म्हणायच्या, "तुला दिसतंय ना? मग वाच." त्या गप्प बसण्यानं मला वाचायला शिकवलं. लिहायलाही.

दादांचा फोन आला त्याच उन्हाळ्यात देवासला त्यांच्या भाचीकडे मुंज होती. मला बरोबर नेलं. जिना, पायरी, ओळखीचे-अनोळखी लोक, सगळीकडे मी त्यांच्या कोपराला कोपर लावून. पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. एकाएकी त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

"ती बाई चहा घेऊन येतेय," जिजी कुजबुजल्या. "कप पांढरा आहे. त्याचा कान डाव्या बाजूला आहे."

मी बघितलं. कप पांढरा होता. कान डाव्या बाजूला होता.

मग मी कपाच्या मागे बघितलं. मागे भिंत होती. पांढरी नाही, पिवळी नाही, कुठला रंग म्हणावा ते मला सुचेना. ऊबदार, शांत. त्या भिंतीपुढून जाणारं प्रत्येक माणूस कातरून काढल्यासारखं उठून दिसत होतं.

भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, तो तर बिल्डरनंच दिलेला. बिस्किटी."

परतताना गाडी इंदूरला थांबली तेव्हा जिजी माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आपल्या भिंती पांढऱ्या. दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळं दुधात पडल्यासारखं होतं. कप पांढरा, भिंत पांढरी, मी पांढरी. मला कसं दिसणार? तो रंग आपल्या घरी हवा. चिरंजीव यायच्या आत."

झालं. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात रंगाशिवाय दुसरा विषय नव्हता.

"बिस्किटी म्हणजे कुठलं बिस्किट?" त्या मला विचारायच्या. "बिस्किटं काय एका रंगाची असतात?" शेवटी एके सकाळी त्यांनी कढई ठेवली आणि रवा भाजायला घेतला. तूप न घालता, कोरडा. वासावर होत्या त्या. थोडा भाजला की एक मूठ ताटलीत काढायच्या, पुन्हा परतायच्या, पुन्हा एक मूठ. ताटलीत रव्याचे ढीग झाले, पांढऱ्यापासून खरपूसपर्यंत. "खिडकीशी धर. भाचीची भिंत आठव. यातला कुठला?"

चुकीचा दाखवला तर? घर माझ्या बोटावर टांगलेलं. मी एका ढिगावर बोट ठेवलं. जिजींनी तो डबीत भरला, साडी बदलली आणि आम्ही रिक्षानं रंगाच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं डबी उघडून वास घेतला. "जीजी, मशीन में रंग डालते हैं, शीरा नहीं."

"शीरा कहाँ है इसमें? घी डाला क्या मैंने? घी डालने से रंग बदल जाता है, इतना भी नहीं मालूम? रंग की दुकान लेके बैठा है!"

दुकानातले सगळे हसले, दुकानदारही. त्यानं रंगांच्या पट्ट्यांचा पंखा उघडून समोर ठेवला. जिजींनी तो माझ्याकडे सरकवला. "सांग."

मला रंगांची इंग्रजी नावं कुठली येणार? जे आठवलं ते सांगत गेले. "हा ज्वारीच्या पिठासारखा. हा भाकरीच्या पापुद्र्यासारखा. हा, जिजी, हा उंटासारखा आहे. आणि यात हिरवट काहीतरी आहे, काविळीतून उठलेल्या माणसासारखं."

"तो नको. काविळीचा नको," जिजी गंभीरपणे दुकानदाराला म्हणाल्या. "ज्वारी, भाकरी आणि उंट, तिन्ही थोडे थोडे दे."

पेंटर आला. गावातलाच माणूस, जिजींना तो लहानपणापासून ओळखत होता. त्यानं प्रत्येक खोलीत पाटाएवढे चौकोन रंगवले आणि म्हणाला, "फाइनल बता देना जीजी, शादी का सीजन है." आणि गेला. मग आमची परीक्षा सुरू झाली. मी पांढरा कप घेऊन एकेका चौकोनापुढं उभी राहायची, जिजी पलंगावरून बघायच्या.

"कान उजवीकडे."

बरोबर असायचं. मी कप फिरवून पुन्हा धरायची.

उंटापुढं उभी राहिले. जिजींनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. बराच वेळ. मग म्हणाल्या, "दिसतंय मला." उंट बाद झाला.

आणि हे एकदाच करून भागायचं नाही. सकाळी जो रंग भाजलेल्या रव्यासारखा, तोच माजघरात दुपारनंतर भाकरीवरच्या राखेसारखा व्हायचा, कारण तिथं ऊनच येत नाही. ट्यूबलाइट लावली तर आणखी मेलेला. जिजींनी ट्यूबलाइट काढायला लावली आणि पिवळा दिवा बसवला, तेव्हा कुठे माजघरातली भाकरी जिवंत झाली. शेवटी भाकरीच ठरली.

दिवाळी तोंडावर आली तसं पेंटरनं घर रंगवायला काढलं. पुट्टी लावली, रोलर फिरला. जुन्या पांढऱ्या भिंतींवर काय काय होतं! पलंगाच्या डोक्याशी काकांच्या, म्हणजे जिजींच्या वारलेल्या यजमानांच्या, केसांच्या तेलाचा काळा गोल. माजघराच्या दाराशी, लोकांनी आत जाता-येता हात टेकून टेकून झालेला मळका पट्टा. बटणांखाली बोटांचा काळवंडलेला ठसा. देवघराशी कुणाच्या तरी लग्नातले हळदीचे पंजे. सगळं रंगाखाली गेलं. मला फार बरं वाटलं. दादा येतील, स्वच्छ घर बघतील.

काम संपलं तेव्हा डब्यात रंग उरला. पेंटर झाकण लावत होता.

"उरला? मग वाया घालवू नकोस. चौकटींना मार. दारांना मार."

"जीजी, ये दीवार का है. लकड़ी पे टिकेगा नहीं."

"दिवाळीपुरता टिकला तरी पुरे. डब्यात ठेवून काय साय धरायची आहे त्यावर?"

त्यांच्या घरात उरलेलं टाकायची रीतच नव्हती. कालच्या वरणाची आज आमटी व्हायची, जुन्या साडीची गोधडी. पेंटरनं हसत हसत चौकटी रंगवल्या, दारं रंगवली, भिंतीवरची खुंटी रंगवली, तरीही उरला तेव्हा पाटही रंगवला. घर कसं एका रंगाचं झालं, ताटात थापलेल्या वडीसारखं सपाट, सुंदर. जिजी पलंगावर बसून बघत होत्या. मी कप घेऊन भिंतीपुढून गेले. "कान डावीकडे," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी होते. माजघरातून धप्प असा आवाज आला.

जिजी चौकटीला धडकल्या होत्या. जमिनीवर बसल्या होत्या, कपाळावर हात. मी धावले. "लागलं का?"

"काही नाही. दिसतंय मला."

त्यांना उठवलं. त्यांनी हात पुढं करून भिंत चाचपली. एकदा इकडे, एकदा तिकडे. तळवा गुळगुळीत रंगावरून घसरत गेला, कुठंच थांबला नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना घर पाठ होतं म्हणजे काय पाठ होतं. तो मळका पट्टा दिसला की माजघराचं दार. तो तेलाचा गोल दिसला की पलंग. काळवंडलेला ठसा म्हणजे बटण. इतकी वर्षं त्या घरभर डागांवरून चालत होत्या, आणि ते डाग आम्ही दोघींनी हौसेनं पुसून टाकले होते. वर चौकटीही पुसल्या होत्या. भिंतीपुढचं माणूस आता दिसत होतं, पण भिंतीतलं दार गेलं होतं.

जिजी माझा दंड धरून उभ्या होत्या. मग त्यांनी जे विचारलं, ते त्यांनी मला त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

"दार कुठंय गं?"

मी त्यांना पलंगावर बसवलं. कपाळावर टेंगूळ आलं होतं, त्यावर थंड पाण्याची घडी ठेवली. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होते. पेंटर कुणाचं लग्नघर रंगवायला कुक्षीला गेलेला, फोन लागत नव्हता. मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती. आधी पिंप, मग गादी. पोरीची शाळा अर्ध्यात सुटेल, माझी सुटली तशी.

बऱ्याच वेळानं जिजी म्हणाल्या, "तुझा तो गेरू आहे का अजून?"

मी दचकले. त्या घरात आलो त्या पहिल्या वर्षी मी आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला, खाली जमिनीलगत, गेरूचा पट्टा ओढला होता. आमच्याकडे सणाला पांढऱ्या मातीनं भिंत सारवली की खाली गेरू लावल्याशिवाय घर पुरं होत नाही. जिजींनी तो बघितला, तेव्हा त्यांना जरा बरं दिसायचं, आणि म्हणाल्या, "हे घर आहे बाई, गोठा नाही." मी तो घासून काढला होता. उरलेला गेरू मात्र डब्यात ठेवला होता. टाकवत नव्हता.

"आहे," मी म्हणाले.

"भिजव."

"जिजी, भिंत खराब होईल. इतके महिने तुम्ही त्या रंगासाठी—"

"मला भिंत बघायची नाहीये. दार बघायचंय."

मी गेरू भिजवला. फडक्याचा बोळा केला. माजघराच्या चौकटीपाशी उभी राहिले तेव्हा हात उचलेना. नव्या कोऱ्या, भाकरीच्या रंगाच्या त्या भिंतीवर पहिला लाल ओघळ उतरला आणि मला वाटलं, आपण कुणाच्या तरी तोंडाला काही फासतोय. पण पट्टा वाळत गेला तसा उठून दिसायला लागला. पांढऱ्यावर गेरू ओरडतो. या रंगावर तो नुसता नीट बोलत होता.

दाराभोवती ओढला. बटणांभोवती ओढला. भिंतीच्या तळाशी, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. जिजी माझ्यामागून चालत होत्या आणि टोमणे मारत होत्या. "वाकडं नको. खळं सारवतेयस का? इथं जाड हवं. पुसट ओढतेस, गेरू काय तुझ्या माहेरून आणायचाय?" टोमणे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत त्या पलंगापासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून ओट्यापर्यंत न चाचपडता गेल्या. मी मागे, दोन्ही हात पुढं करून. मी पोरीला चालायला शिकवलं तेव्हा असेच धरले होते.

दादा आले. बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी आईच्या कपाळाकडे बघितलं.

"हे काय झालं?"

मी ओट्याशी थिजले. जिजी आता म्हणतील, वाकताना पाट लागला. काही तरी म्हणतील.

"दाराला धडकले. काल," जिजी म्हणाल्या. "आता नाही धडकणार."

दादा खुर्चीवर बसले. घरभर नजर फिरवली, चौकटींवर, तळाच्या लाल पट्ट्यावर. "आणि हे?"

"बस. शीरा आणते."

जिजी उठल्या. पुढच्या खोलीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात. दादा उठून त्यांच्यामागे निघाले, आणि मी बघितलं, त्यांनीही दोन्ही हात असेच पुढं धरले होते. जिजींनी बटण पहिल्याच बोटात दाबलं. वाटी काढली, शीरा वाढला, वळल्या आणि वाटी नेमकी दादांच्या हातात दिली. भाकरीच्या रंगापुढं उभे होते ते, निळा शर्ट घालून. आईला दिसत होते.

दादांनी वाटी घेतली. खाल्लं नाही. दुसऱ्या हाताच्या बोटानं चौकटीवरचा गेरू पुसून बघितला. बोट लाल झालं.

"आई, हे तर हाताला लागतंय. टिकणार नाही."

"नाहीच टिकत. गेरू आहे तो. पुसट झाला की पुन्हा द्यायचा असतो. इथंच राहणारं माणूस लागतं त्याला." जिजींनी माझ्याकडे मान वळवली, अगदी बरोबर माझ्याकडे. "ते मागच्या खोलीत राहतं. म्हणून मागची खोलीही राहू दे आणि हे घरही."

मी खाली बघत होते. दादा स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत गेले, बाहेर बघितलं, तिथून अंगणात आमच्या खोलीकडे उतरतात. लाल बोट त्यांनी रुमालाला पुसलं नव्हतं.

"ही पायरी राहिलीय," ते म्हणाले. मला म्हणाले. "इथून आई तुमच्याकडे येत असेल ना? इथंही ओढा."

"दिसतंय मला," जिजी म्हणाल्या.

त्यांना पायरी दिसत नव्हती. मी गेरू भिजवायला गेले.